जे एका ओळीत लिहिलंस

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला. मोबाईलवर चार शब्दांत उत्तर देता आलं असतं, पण तू जे विचारलं आहेस त्याला चार शब्द पुरणारे नाहीत, आणि त्या छोट्या पडद्यावर लिहिताना माझा विचार मध्येच तुटतो. म्हणून कागद घेतला. सावकाश वाच, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

मेसेज मी तीनदा वाचला. त्यातला मोठा भाग कॅनडाविषयी आहे. जावं की न जावं, आई इथे एकटी, कोर्सची फी, कर्ज, आणि या सगळ्यात देवाची इच्छा ओळखायची कशी. त्यानंतर थोडं प्रार्थनेविषयी, की गुडघे टेकते पण काहीच वाटत नाही, आतून कोरडं कोरडं. आणि अगदी शेवटी, 'बाकी ठीक' म्हणण्याच्या आधी एक ओळ आहे, की ऑफिसात महिनाअखेरीला कोऱ्या पावत्यांवर आकडे भरून बिलं लावायला सांगतात, सगळेच लावतात, पण मन खातं.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करणार आहे. कॅनडाबद्दल तू अकरा ओळी लिहिल्यास, मी मोजल्या. बिलांबद्दल एक. आणि मला अगदी खात्रीने वाटतं की देव सध्या तुझ्याशी त्या एका ओळीत बोलतो आहे.

आपल्या मराठीत 'ऐकणे' हा शब्द किती सुंदर आहे बघ. 'पोरगं ऐकत नाही' असं आई म्हणते तेव्हा त्याचे कान तपासायला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. ऐकलं याचा अर्थच सांगितलं तसं केलं. जुना करार ज्या इब्री भाषेत लिहिला गेला तिच्यातही असंच आहे. 'शमा' या एकाच क्रियापदात कानाने ऐकणं आणि आज्ञा मानणं दोन्ही येतं. 'हे इस्राएला, श्रवण कर' हे वचन आपण शब्बाथ शाळेत पाठ केलं, ते मूळ इब्रीत याच शब्दाने सुरू होतं. म्हणजे देवाचं ऐकू येत नाही अशी तक्रार करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा, की जे ऐकू आलं होतं त्याचं काय केलं?

हा प्रश्न मी तुला वरून विचारत नाही. मला तो रात्री चार वाजता एका वॉर्डात विचारला गेला होता. ही गोष्ट मी फार थोड्यांना सांगितली आहे.

नर्सच्या नोकरीला लागून मला तीनेक वर्षं झाली असतील. रात्रपाळीत पहाटे चारला प्रत्येक पेशंटचं तापमान, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर लिहायचं असतं. तेव्हा पाऱ्याचे थर्मामीटर होते. झटकायचा, काखेत ठेवायचा, थांबायचं, दिव्याखाली तिरपा धरून बघायचा, पुसायचा, पुढच्या कॉटकडे. चौदा पेशंट म्हणजे पाऊण तास तरी सहज जायचा. बरे होत आलेले पेशंट गाढ झोपलेले असायचे. त्यांना उठवलं की कुरकुरायचे, नातेवाईक रागाने बघायचे. हळूहळू मला सवय लागली. जे गंभीर आहेत त्यांचं मोजायचं आणि बाकीच्यांच्या तक्त्यावर टेबलाशी बसूनच 98.4 लिहायचं. कोणाचं 98.2, कोणाचं 98.6, म्हणजे सगळं सारखं दिसू नये. एवढी काळजी मी घेत होते.

आणि वाचलेल्या वेळात काय करत होते? बायबल वाचत होते. खोटं नाही सांगत. टेबलाच्या खणात माझं लहान बायबल असायचं. पहाटेची शांत वेळ, वॉर्ड झोपलेला, आणि मी वचन वाचते आहे. मला वाटायचं, माझ्याइतकी प्रभूच्या जवळ दुसरी कोणी नाही.

त्या दिवसांत मी शमुवेलाचं पहिलं पुस्तक वाचत होते. पंधराव्या अध्यायावर आले. शौल राजाला अमालेकी लोकांची कुठलीच वस्तू ठेवून घ्यायची नाही अशी आज्ञा होती. (त्या लढाईची कथा मला आजही जड जाते, ते सोपं आहे असं मी तुला सांगणार नाही. पण तिच्यात एक जागा आहे जिथून मला सुटता आलं नाही.) शौल लढून येतो आणि शमुवेलाला छाती काढून सांगतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग मेंढरांची ही बें बें माझ्या कानांवर पडते आहे ती कुठली? उत्तम उत्तम मेंढरं मागे ठेवली होती. आणि शौलाचं उत्तर तयार होतं, ती तर परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी ठेवली. तेव्हा शमुवेल म्हणतो, 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.'

मी तिथे थांबले. समोर तक्त्यांची चळत होती, त्यावर माझ्या हातचे सुबक आकडे. माझं बायबल वाचन हे शौलाचं मेंढरू होतं. पेशंटच्या वाट्याचा पाऊण तास मी चोरला होता आणि तो देवाला अर्पण करत होते.

मी बायबल मिटलं, खणात ठेवलं, थर्मामीटर घेतला आणि पहिल्या कॉटपासून सुरुवात केली. तू आता वाट बघत असशील की कोणाला तरी भयंकर ताप निघाला आणि माझ्यामुळे जीव वाचला. तसं काहीही झालं नाही. चौदा पेशंट, सगळ्यांचे आकडे जवळजवळ मी लिहिले होते तेवढेच. एका आजोबांनी झोपमोड केली म्हणून मला शिवी दिली. सकाळी पुढच्या पाळीच्या नर्सला नेहमीसारखीच ओव्हर दिली. पुढे कित्येक महिने काही घडलं नाही. फरक एवढाच, की घरी येऊन अंथरुणावर पडताना मी 'हे प्रभू' म्हणाले तेव्हा तो शब्द घशात अडकला नाही. तोवर तो अडकत होता हे मला कळलंच नव्हतं.

म्हणून तुझा प्रार्थनेचा कोरडेपणा आणि तुझी बिलं यांचा संबंध आहे का, हे मी तुला सांगू शकत नाही, पण स्वतःला विचार असं म्हणेन. असेलच असं नाही. कोरडेपणाची दुसरीही कारणं असतात, त्याकडे पुढे येते.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते, नाहीतर माझं पत्र तुला ओझं होईल. बिलं नाकारलीस म्हणून देव तुझ्यावर जास्त प्रेम करणार नाही, आणि आजवर लावलीस म्हणून त्याने तुला टाकलेलं नाही. आपलं तारण कृपेने आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, ते आपल्या हातचं नाही. पौलाने इफिसच्या मंडळीला हे लिहिलं आणि लगेच पुढच्या वाक्यात लिहिलं की देवाने आपल्याला सत्कृत्यं करण्यासाठी निर्माण केलं. क्रम लक्षात घे. आधी लेकरू, मग लेकराचं वागणं. कामावर ठेवलेल्या माणसाला रोज संध्याकाळी मजुरी मिळेल की नाही याची धास्ती असते. घरातली मुलगी पाणी भरते ती त्या धास्तीने भरत नाही.

मला हे पुस्तकातून समजलं त्याच्या खूप आधी माझ्या वडिलांच्या मागून चालताना समजलं.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. नगर जिल्ह्यात 1831 साली अमेरिकन मराठी मिशन आलं, त्यानंतर केव्हातरी आमच्या पणजोबांच्या पिढीत घर ख्रिस्ती झालं. बाबा शेतकरी. त्यांचं आणि थोरल्या भावाचं, आमच्या तात्यांचं शेत लागून होतं, आणि मध्ये बांध. बांधाची गोष्ट तुला शहरात राहून कळणार नाही, पण आईला विचार. नांगरताना औत हातभर पलीकडे गेलं की बांध कोरला म्हणतात, आणि त्या हातभर जागेवरून पिढ्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तात्यांचं म्हणणं होतं की बाबांनी बांध कोरला. बाबांचं म्हणणं होतं की नाही. तात्यांनी चर्चला येणं सोडलं, कारण बाबा तिथे बसतात.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. प्रभूभोजनाचा रविवार होता. पाळक साहेबांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन वाचलं. तू दान घेऊन वेदीजवळ आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर दान तसंच ठेव आणि निघून जा, 'प्रथम आपल्या भावाशी समेट कर.' हे वचन नीट वाच. तुझ्या मनात भावाविरुद्ध असेल तर, असं ते म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर. चूक कोणाची हे तिथे विचारलेलंच नाही.

बाबा उठले. सगळे बसलेले, भाकर आणि द्राक्षारस पांढऱ्या कापडाखाली झाकलेला, आणि बाबा उठून टोपी घालून दाराकडे निघाले. मला वाटलं त्यांना बरं नाही, म्हणून मी मागे पळाले. ते काही बोलले नाहीत. तात्यांची वस्ती दीड मैलावर. उन्हात आम्ही चालत गेलो. तात्या ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. बाबा अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "तात्या, बांध कोरला गेला असेल तर माझ्याच औताने गेला असेल. तू मोजून घे. तुझ्याकडे निघेल तेवढा निघू दे."

तात्यांनी मान वर केली नाही. दोर वळत राहिले. काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. बाबांनी पाणी प्यायलं, तांब्या ओट्यावर ठेवला आणि आम्ही परत फिरलो.

चर्चला पोहोचलो तेव्हा उपासना संपली होती. गीतांची पुस्तकं गोळा करून झाली होती. बाबा आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन थोडा वेळ बसले. त्या महिन्यात त्यांना प्रभूभोजन मिळालं नाही. घरी जाताना मी रागाने विचारलं, "तात्या तर बोललेच नाहीत, मग गेलात कशाला?" बाबा म्हणाले, "मला जायला सांगितलं होतं. त्याला बोलता करायला नव्हतं सांगितलं."

तात्या त्या वर्षी बोलले नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. चार वर्षांनी मृगाचा पाऊस झाला आणि तात्यांचा मुलगा पेरणीसाठी पाभर मागायला आला, त्यांची मोडली होती. बाबांनी पाभर दिली, आणि फण नीट बसतात का बघायला स्वतः त्याच्याबरोबर गेले. बांधाचा विषय कोणी काढला नाही. संध्याकाळी बाबा तात्यांकडेच जेवून आले.

ती चार वर्षं मला महत्त्वाची वाटतात. आपल्या साक्षींमध्ये आपण ती वगळतो. आज्ञा पाळली, आशीर्वाद आला, आमेन. मधल्या चार वर्षांत बाबा रोज त्याच बांधावरून जात होते आणि पलीकडचा माणूस मान फिरवत होता. आज्ञा पाळून काहीच मिळत नाही अशा दिवसांत माणूस कशावर उभा राहतो, त्यालाच मी विश्वास म्हणते.

आता तुझ्या ऑफिसकडे ये.

मला तुझ्या साहेबांची भीती समजते. घराचं भाडं, आईची औषधं, तुझ्यावर भार आहे. म्हणून उद्या सकाळी जाऊन सगळ्यांसमोर भाषण ठोक असं मी सांगणार नाही. दानिएलाचा पहिला अध्याय उघड. राजाच्या अन्नाने स्वतःला विटाळायचं नाही असं त्याने आधी मनात ठरवलं. ठरवलं कोणाला विचारून नव्हे. पण ठरवल्यावर तो अधिकाऱ्याकडे गेला आणि विनंती केली. अधिकारी घाबरला, त्यालाही राजाची भीती होती. दानिएलाने त्याला दोष दिला नाही. कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघा, मग आमची तोंडं बघा आणि ठरवा. निश्चय पक्का होता आणि बोलणं मऊ.

तूही तसंच कर. एकटं गाठून साहेबांना सांग, "सर, कोऱ्या पावत्यांवर मी आकडे भरणार नाही, माझ्या श्रद्धेत ते बसत नाही. बाकी महिनाअखेरीचं काम मी उशिरापर्यंत थांबून करीन." एवढंच. बाकीचे काय करतात त्यावर एक शब्द नको. कोणाची तक्रार नको, कोणाकडे तिरका डोळा नको. आणि जाण्याआधी आईला सांगून जा. परिणाम तिलाही सोसावे लागतील, तिला अंधारात ठेवून धैर्य दाखवू नकोस.

नोकरी टिकेल का? मला माहीत नाही. टिकेल असं वचन मी तुला देऊ शकत नाही, कारण देवाने दिलेलं नाही. दानिएलाचे तीन मित्र भट्टीपुढे उभे होते तेव्हा म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि तसं झालं नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. 'तसं झालं नाही तरीही' हे शब्द ते भट्टीत जाण्याआधी बोलले, बाहेर आल्यावर नव्हे. जमलं तर दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला आजच सुरुवात कर. त्यात विश्वास कमी आहे असं मानू नकोस.

आता कोरडेपणा. तू लिहिलंस, काहीच वाटत नाही तर हे सगळं खोटं आहे का. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि याच आठ वर्षांच्या आत, 1889 मध्ये, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं होतं. आधी मनाला शांती मिळू दे, मग विधवांचं बघू, असं त्या म्हणाल्या नाहीत. जेवढं समजलं होतं तेवढं करत राहिल्या, आणि करता करता एके दिवशी तो भेटला.

शेवटची वर्षं त्यांनी केडगावला काढली. पुणे-दौंड मार्गावरचं केडगाव, आपल्या नगरजवळचं नव्हे. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावं म्हणून त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ऐकू कमी येत होतं, शरीर थकलं होतं. तरी मुद्रितं तपासणं चालू होतं. छपाई मुक्ती मिशन या त्यांच्याच संस्थेतल्या मुली करत. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, छापून पुरं झालेलं बायबल 1924 मध्ये आलं. मी कधी कधी त्या शेवटच्या महिन्यांचा विचार करते. मुलगी गमावलेली आई टेबलाशी बसते आणि ओळीतली काना-मात्रा तपासते. तिला तेव्हा काय 'वाटत' होतं कोणास ठाऊक. पण कागद पुढे सरकत होता.

तेव्हा वाटत नसेल तर वाटत नाही असंच प्रभूला सांग. सजवून बोलू नकोस. आणि सकाळचा तो वेळ सोडू नकोस. नारायण वामन टिळकांची आगगाडीतली गोष्ट तुला माहीत असेलच. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला आणि वाचण्याचं वचन घेतलं. टिळकांना ते पुस्तक काही आवडलं नव्हतं. पण शब्द दिला होता म्हणून वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोहोचले आणि मग त्यांना ते सोडवेना. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा. पुढे आपल्या मंडळ्या जी गीतं गातात त्यातली कितीतरी त्यांची. मला यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते मधले नावडीचे दिवस, जेव्हा त्यांनी नुसत्या शब्दाखातर पुस्तक उघडलं.

आमच्या शेजारी एक वारकरी कुटुंब होतं. दिवेलागणीला त्यांच्या घरी हरिपाठ व्हायचाच. पाऊस असो, पाहुणे असोत, घरातलं माणूस गेलेलं असो. आमची कुटुंबप्रार्थना मात्र कोणी थकलं की चुकायची. एकदा आई बाबांना म्हणाली, "त्यांचा आवाज येतो भिंतीपलीकडून, आपला त्यांना जात असेल का?" त्या दिवसापासून आमची चुकली नाही.

कॅनडा. अकरा ओळी लिहिल्यास, आणि मी इतक्या उशिरा तिथे आले म्हणून रागावू नकोस. अब्राहामाविषयी इब्री लोकांस पत्रात म्हटलं आहे की आपण कुठे जातो हे ठाऊक नसताही तो निघाला. म्हणजे निघण्याआधी सगळं कळलं पाहिजे अशी देवाची अट नाही. पण तो निघाला ते स्पष्ट बोलावणं आल्यावर. तुला बोलावणं आलंय असं तुझ्या मेसेजमध्ये मला कुठे दिसलं नाही. मैत्रिणी गेल्या, एजंट सारखे फोन करतो, मुदत संपत आली, एवढंच दिसलं. मुदत एजंटची आहे. जाणं चूक आहे असंही मी म्हणत नाही. नगर जिल्ह्यातल्या किती तरी नर्सेस आखातात गेल्या, तिथून घरं उभी केली, तिथल्या मंडळ्यांमध्ये सेवा केली. आईला सोडून जाणं हे पाप नाही आणि आईसाठी थांबणं हे भ्याडपण नाही. आईला समोर बसवून विचार, आणि तिच्या 'तू बघ बाई तुझं' या उत्तरावर थांबू नकोस, दुसऱ्यांदा विचार. कर्जाचा हप्ता कागदावर मांड. पाळकांशी बोल, तिथे जाऊन आलेल्या एखाद्या ताईशी बोल. एवढं करूनही दोन्ही दारं उघडी दिसली तर देवाने ती निवड तुझ्यावर सोपवली आहे असं समज, आणि न घाबरता निवड.

एका बाबतीत मात्र सावध राहा, आणि हे मी कळवळून लिहिते आहे. उद्या कोणी येऊन म्हणेल, "देवाने मला तुझ्याविषयी दाखवलं आहे." मी तेवीस वर्षांची असताना बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने सभेनंतर मला बोलावून सांगितलं की अमुक मुलाशी तुझं लग्न व्हावं अशी परमेश्वराची आज्ञा आहे. मुलगा त्यांच्याच नात्यातला होता. मंडळीतले दोन-तीन जण म्हणू लागले, आज्ञा मोडू नकोस. मी आठ दिवस रडले. शेवटी बाबांनी थेस्सलनीकाचं पहिलं पत्र उघडून दिलं. सर्व गोष्टींची पारख करा, असं तिथे लिहिलंय. म्हणाले, "देवाला तुझा पत्ता माहीत आहे." मी नाही म्हणाले.

पेत्र आणि प्रेषित म्हणाले, आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ते वाक्य त्यांनी कोणासमोर उच्चारलं बघ. रोमी राजासमोर नव्हे. महासभेसमोर, धर्माच्या पुढाऱ्यांसमोर. अधीनतेचं वचन ऐकवून कोणी बाईवर हात उगारत असेल, तिला गप्प बसवत असेल, तर ते देवाचं ऐकणं नाही. अशा बाया मी माझ्या वॉर्डात पाहिल्या आहेत, त्यांच्या जखमा या हातांनी धुतल्या आहेत. तुझ्या ऑफिसात किंवा मंडळीत अशी कोणी भेटली तर तिला सोसायला सांगू नकोस, तिला घेऊन माझ्याकडे ये.

पत्राबरोबर एक वही पाठवते आहे, दोनशे पानी. मी चाळीस वर्षं अशी वही ठेवते. डाव्या पानावर त्या दिवशी वचनातून जे ऐकू आलं ते एका वाक्यात. उजव्या पानावर त्याचं काय केलं ते. मार्कपासून सुरू कर, ते सगळ्यात लहान शुभवर्तमान आहे. माझ्या पहिल्या वहीची डावी पानं भरगच्च आहेत, सुंदर अक्षरात, आणि उजवीकडे आठ-आठ, दहा-दहा दिवस कोरं. ती वही मी जपून ठेवली आहे. तुझीही उजवी पानं कोरी राहतील. फाडू नकोस, आणि मागून भरूही नकोस. मागून भरलेले तक्ते कसे असतात ते मी वर सांगितलंच आहे.

पहिलं डावं पान तुला शोधावं लागणार नाही, ते तू मला आधीच लिहून पाठवलं आहेस.

पुढच्या महिन्यात डोळे तपासायला पुण्याला येणार आहे. एक मुक्काम तुझ्याकडे करीन. आईला सलाम सांग, तिच्या गुडघ्यांसाठी मी रोज प्रार्थना करते. शेवग्याच्या शेंगा आणीन.

महिनाअखेर सत्तावीस-अठ्ठावीसला सुरू होईल ना तुमची? त्या दिवसांत मी पहाटे चारला उठते तेव्हा तुझं नाव घेईन. साहेबांशी बोललीस की काय झालं ते कळव. बोलायचं धैर्य झालं नाही, तरी कळव.

तुझी,
मावशी